हितसंबंध आहे, मी बाहेर बसते

आमच्या माधव नगरातल्या गल्लीचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी, चहाच्याही आधी, कोणीतरी विष पाठवतं. सोमवारी दूध विष असतं, मंगळवारी साखर, बुधवारी पनीर आणि गुरुवारी चक्क गव्हाची पोळी. शुक्रवारी कोणी पांढऱ्या कोटातला गृहस्थ येऊन सांगतो की वाटीभर तूप प्या आणि शंभर वर्षं जगा. मंडळी दोन्हीला हात जोडतात आणि कोपऱ्यावर जाऊन पोहे-जिलबी खातात. हे सगळं पाहिलं की मला पोतनीसबाई आठवतात. बाई इथे असत्या तर त्यांनी ग्रुपवर एकच शब्द लिहिला असता: "किती?"

डॉक्टर इंदुमती पोतनीस आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. मी साताऱ्याची, लग्न होऊन उज्जैनला आले, नवरा बँकेत. बाई मात्र इथल्याच. उंच, काटकुळ्या, भैरवगढच्या छापाच्या सुती साड्या नेसणाऱ्या, आणि चष्मा नाकावर असताना घरभर चष्मा शोधणाऱ्या. आयुष्यभर त्यांनी अन्नाचं रसायनशास्त्र शिकवलं, प्रयोगशाळेत दिवस काढले, आणि निवृत्त झाल्यावर दिल्लीच्या एका शास्त्रीय समितीवर त्यांना घेतलं. लोकांच्या खाण्यात काय असलेलं चालेल, काय चालणार नाही आणि चालेल तर किती चालेल, याचा सल्ला ही समिती सरकारला देत असे. मला वाटलं, आता दारात सरकारी गाडी येणार. गाडी वगैरे काही आली नाही. बाई रेल्वेने जायच्या, बरोबर दशम्यांचा डबा आणि कागदांनी फुगलेली एक पिशवी. ती पिशवी उचलून देताना माझा खांदा दोनदा भरून आलेला आहे.

बाईंकडून सरळ उत्तर मिळवणं हे फार कष्टाचं काम. "उपमा कसा झालाय, बाई?" असं मी विचारलं की त्या दोन घास खाऊन म्हणायच्या, "आत्ता जेवढा खाल्ला, तेवढा तरी चांगला आहे." आमचे हे म्हणत, यांना आज वार कोणता विचारलं तरी आधी पुरावा मागतील. मला स्वभावतःच हो की नाही ते झटकन लागतं. एकदा मी हळदीचं पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेले. "यात रंग घालतात म्हणे. वापरू का फेकू?" बाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "बघून नाही सांगता यायचं. तपासावं लागेल." म्हटलं, अहो, एवढ्या दिल्लीला जाता, अंदाजाने तरी सांगा! तर म्हणाल्या, "अंदाज तुझ्याकडेपण आहे की. त्याच्यासाठी माझी काय जरूरत?"

दिल्लीहून आल्या की मी चहा घेऊन जायची आणि विचारायची, काय ठरवून आलात? एकदा म्हणाल्या, "सगळी दुपार एका शब्दावर गेली. सुरक्षित."

"मग त्यात काय एवढं? सुरक्षित म्हणजे सुरक्षित."

"कोणासाठी, नीला? तू आणि मी तो पदार्थ महिन्यातून एकदा चवीला खाणार. ज्याच्या घरी दुसरं काही नाही तो रोज तेच खाणार. त्याचं लहान मूल तेच खाणार. आकडा लावायचा तर त्या मुलाकडे बघून लावायचा. माझ्या-तुझ्याकडे बघून लावला तर फार सोपं होतं." एवढं बोलून त्यांनी चहात साखर घातली, आणि साखर घातल्याचं विसरून पुन्हा घातली.

तर समितीत एक रीत होती. बैठक सुरू होण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, आजच्या विषयात माझा काही संबंध गुंतलेला आहे का. कोणाचा जावई त्या कंपनीत आहे, कोणी त्या उद्योगाच्या पैशावर संशोधन केलंय, असं काही असेल तर ते बोलून टाकायचं आणि त्या विषयापुरतं खोलीबाहेर जाऊन बसायचं. याला बाईंचा शब्द होता हितसंबंध. ही रीत बाईंना इतकी आवडली की ती त्यांनी माधव नगरात आणली. आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मोदकांची स्पर्धा होती आणि परीक्षक अर्थातच बाई. पाचव्या ताटलीशी येऊन त्या थांबल्या. "ही कळी नीलाची आहे. मी ओळखते. माझा हितसंबंध आहे, मी बाहेर बसते." आणि खरंच उठून व्हरांड्यात जाऊन बसल्या. उरलेल्या दोन परीक्षकांनी मला तिसरा नंबर दिला. बाई आत असत्या तर पहिला आला असता, हे मी त्यांना आजवर ऐकवत आले आहे.

गोवर्धनजींच्या बाबतीत तर कहरच झाला. गोवर्धनजी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे मिठाईवाले. बाईंचं नाव दिल्लीच्या समितीत गेल्याचा त्यांना केवढा अभिमान! दिवाळीला ते स्वतः माव्याच्या बर्फीचा डबा घेऊन बाईंच्या दारात आले. बाईंचं हिंदी उत्तम होतं, पण अडचणीच्या वेळी त्यात मराठी शब्द शिरायचा. त्या हात जोडून म्हणाल्या, "गोवर्धनजी, बुरा मत मानिए, पर आपसे मेरा कोई हितसंबंध नहीं होना चाहिए."

गोवर्धनजी डबा घेऊन तडक आमच्याकडे आले. डोळ्यांत पाणी. "भाभीजी, हमसे क्या ग़लती हो गई? मैडम ने संबंध ही तोड़ लिए! बाऊजी के टाइम से घर का व्यवहार है!" मी त्यांना बसवून, पाणी देऊन, सगळं समजावलं. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. "तो सीधे बोलतीं ना कि रिश्वत नहीं लेती!" मी हे बाईंना जाऊन सांगितलं, तर त्या केवढ्या गोंधळल्या. "अगं, रिश्वत कसं म्हणणार? ते बिचारे प्रेमाने आणत होते." दुसऱ्या दिवशी त्यांनी गोवर्धनजींच्या दुकानात जाऊन, सगळ्यांसमोर पैसे मोजून, तीच बर्फी विकत घेतली. गोवर्धनजींनी ती रडतरडत तोलली.

बाईंना एकच भाऊ, पाठचा, वसंतराव पागे. बाईंसाठी वशा. वसंतरावांचा शेवेचा कारखाना. मराठी माणसाने माळव्यात मोत्यांचा धंदा केला असता तरी चाललं असतं, पण शेव! तरी त्यांची लवंगेची शेव देवास, शाजापूरपर्यंत जायची. बोलायला फटकळ, मनाने मऊ, आणि मराठी-हिंदीची तर अशी मिसळ की पहिलं वर्षभर मला त्यांचं अर्धंच कळायचं. रोज संध्याकाळी त्यांची स्कूटर बाईंच्या फाटकाशी थांबे. बहीण-भाऊ ओसरीत बसून भांडत. "अक्का, तू शेवेच्या मागे का पडली आहेस? मीठ कमी केलं तर गिऱ्हाईक तुझ्या कमिटीत येणार का खायला?" बाई म्हणत, "वशा, तुझं ब्लडप्रेशर तपास." यजमान गेल्यापासून बाईंना इथे मायेचं असं माणूस तेच एक होतं.

आणि मग ते शाळेचं स्नेहसंमेलन झालं. होळी जवळ आली होती, दुपारी चांगलीच तापत होती. गल्लीतली निम्मी मुलं त्या शाळेत. कार्यक्रम संपल्यावर प्रत्येक मुलाला खाऊचा डबा मिळाला: एक केळं, दोन पेढे आणि वसंतरावांची शेव. शेव त्यांनी शाळेला फुकट दिली होती. संध्याकाळ होता होता घराघरांत मुलं ओकायला लागली. आयांची धावपळ, रडारड, आणि पाचेक मिनिटांत ग्रुपवर निकाल लागलासुद्धा: शेव. तेल ख़राब था. सर्वांत मोठा आवाज पालक समितीच्या शर्माजींचा.

बाई चपला न घालताच रस्त्यावर आल्या. मी त्यांना पळताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घरोघरी जाऊन त्या सांगत होत्या, मीठ-साखरेचं पाणी द्या, घोटघोट द्या, मूल सुस्त पडलं तर थांबू नका, दवाखान्यात न्या. एवढ्यात त्यांनी पाहिलं की एका मुलाची आई उरलेले डबे गटारात फेकते आहे. "फेकू नका! फेंकिए मत!" बाई अशा ओरडल्या की ती आई डबा हातात धरून जागीच थिजली. मी सात-आठ डबे गोळा केले आणि सवयीने बाईंच्या फाटकाकडे वळले, तर त्यांनी मला हाताला धरून थांबवलं.

"माझ्या फ्रीजमध्ये नाही. तुझ्या फ्रीजमध्ये ठेव. चार जणांच्या समोर ठेव."

"अहो, तुमचा फ्रीज रिकामा आहे. माझ्याकडे इडलीचं पीठ..."

"पीठ फेक. डब्यांत वशाची शेव आहे. माझा हितसंबंध आहे."

पीठ फेकलं. शेजारच्या चौघींना उभं करून डबे आत ठेवले. सकाळी अन्नसुरक्षा विभागाचे अधिकारी आले आणि त्यांनी ते माझ्या फ्रीजमधून काढून सील केले, शाळेत उरलेलेही घेतले. तोवर मुलं उठून बसली होती आणि पोहे मागत होती. एकही मूल दवाखान्यात राहिलं नाही. देवाची कृपा म्हणून मी हात जोडले. पण मुलं बरी झाली की मोठ्यांना भांडायला सवड मिळते. त्याच दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरली.

सभेला मुख्याध्यापिका होत्या, ते अधिकारी होते, सगळे पालक होते. मागच्या भिंतीला टेकून वसंतराव उभे होते, तोंड उतरलेलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हमारे बीच डॉक्टर मैडम हैं, दिल्ली की कमेटी में हैं. वही बताएँ, क्या लगता है." सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. मी बाईंच्या शेजारीच होते. मला माहीत होतं त्या काय म्हणू शकतात. आदल्याच महिन्यात मला त्यांनी शिकवलं होतं की कोरड्या पदार्थात जंतू सहसा वाढत नाहीत, दुधामाव्याचं मात्र उन्हात काही खरं नसतं. एवढंच एक वाक्य. दिल्लीच्या बाईंनी ते म्हटलं असतं तर वसंतराव तिथेच सुटले असते.

बाई उभ्या राहिल्या. "जिनकी सेव है, वे मेरे सगे भाई हैं. इसमें मेरा हितसंबंध है. इसलिए मैं राय नहीं दूँगी, मैं बाहर बैठती हूँ."

आणि निघाल्या. त्या दारापर्यंत पोचायच्या आत शर्माजी ताडकन उठले. "सुन लिया सबने? खुद बोल रही हैं, भाई के हित में संबंध है! अब बचा क्या?" हॉलमध्ये एकच गलका झाला. त्या शब्दाचा अर्थ तसा नाही हो, असं मी ओरडून सांगत होते, पण माझं हिंदी रागात साफ मराठी होतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. ज्या शब्दाने बाई बाजूला झाल्या होत्या त्याच शब्दाने त्यांना भावाच्या वकील ठरवून टाकलं होतं.

बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. वसंतराव तिथे आले. "अक्का, एवढंच म्हण ना, सूखी शेव में ये नहीं होता. तुला पता आहे!"

"पता नाही, वशा. मला तसं वाटतं. तपासायला गेलंय, येऊ दे."

"तोपर्यंत? देवासवाल्याने माल परत पाठवला. कारखान्यात बायका बसून आहेत. माझं नाव गेलं तर रिपोर्ट घेऊन काय करू? चाटू?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू माझा भाऊ आहेस म्हणूनच मी बोलू शकत नाही."

"मग भाऊ आहे हे तरी कशाला बोललीस?" वसंतरावांचा आवाज फाटला. "सगळ्या उज्जैनला सांगेन मी. सख्खी बहीण, आणि माझ्यासाठी एक शब्द नाही बोलली. एक शब्द!" आणि ते गेले.

नंतरचे दिवस वाईट होते. स्कूटर येईना. वसंतराव म्हटल्याप्रमाणे खरंच जो भेटेल त्याला ते वाक्य ऐकवत फिरत होते. गोवर्धनजींच्या दुकानातून ते माझ्या कानावरही आलं. ग्रुपवर लोक भावाला विषारी आणि बहिणीला सामील म्हणत होते. बाई संध्याकाळ झाली की फाटकाशी येऊन झाडांना पाणी घालत. घालतच राहत. कुंडीतली तुळस कुजायची वेळ आली तेव्हा मी झारी काढून घेतली. मला राग आवरेना. मी म्हटलं, "बाई, माणसापेक्षा तुमची रीत मोठी का? एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी तुळशीची ओली माती बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "शेव चांगली निघाली तर लोक काय म्हणतील, नीला? बहिणीने वाचवलं. जन्मभर म्हणतील. आणि उद्या दिल्लीत मी दुसऱ्या कोणाच्या पदार्थाबद्दल बोलले, तर तेही कोण ऐकणार?" मग एकदम त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "पण शेव खराब निघाली तर, नीला? त्या तेलाकडे मी कधी डोळे उघडून पाहिलंच नाही." मी त्यांना जवळ घेतलं. भाऊ चुकला असेल तर, ही भीती त्यांना इतके दिवस एकटीने खात होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अहवाल भोपाळहून आला तो शाळेत वाचून दाखवला. बाई बाहेरच्याच बाकावर होत्या. आत यायला तयार नव्हत्या. शेवेत काही दोष नव्हता. तेलही ठीक. दोष पेढ्यांत होता, आणि तोही मिठाईवाल्याच्या दुकानातला नाही. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली तेव्हा कळलं की पेढे आदल्या दुपारीच आणले होते आणि रात्रभर, दुसऱ्या दिवशी डबे भरेपर्यंत, एका गाडीच्या डिकीत होते. गाडी शर्माजींची. शर्माजी खाली बघून म्हणाले, "मैंने सोचा, एक चक्कर बचेगा." मुलं धडधाकट समोर खेळत होती म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी काही खरं नव्हतं. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हॉलमधली हवा एकदम मोकळी झाली. मी धावत बाहेर गेले आणि बाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "सगळे नमुने तपासले ना?" एवढंच विचारलं, आणि मग त्यांना रडू कोसळलं.

पुढे वर्षभराने गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बाई पुण्याला भाचीकडे राहायला गेल्या. फोन असतो अधूनमधून, पण उज्जैनमधल्या बाई म्हटल्या की मला दिसतात त्या अहवालानंतरच्या एका संध्याकाळच्या. आम्ही दोघी ई-रिक्षातून नानाखेड्याहून येत होतो. वसंतरावांच्या शेवेच्या दुकानासमोर गर्दीने रिक्षा अडली. वसंतरावांनी आम्हाला पाहिलं नव्हतं. काउंटरपाशी तो देवासचा व्यापारी उभा होता, ज्याने माल परत केला होता. आता पुन्हा घ्यायला आला होता, पण डोळा बारीक करून म्हणत होता, "भाऊसाहब, रिपोर्ट तो साफ़ आनी ही थी. बहनजी दिल्ली में बैठी हैं. घर की बात है."

बाईंनी माझा हात घट्ट धरला. वसंतराव काउंटरवर दोन्ही हात आपटून उभे राहिले.

"मेरी बहन? पूरे उज्जैन में किसी से भी पूछ लो! सगी बहन है, और मेरे लिए एक शब्द नहीं बोली! भरी सभा से उठ के बाहर जा बैठी! एक शब्द नहीं!"

तेच वाक्य होतं. पण या वेळी त्यांची छाती फुगली होती आणि आवाज रस्त्याच्या पलीकडे जात होता. मग त्यांची नजर रिक्षाकडे गेली. त्यांचे डोळे भरून आले, आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अक्का, सांग ह्यांना! बोललीस का माझ्यासाठी काही?"

"नाही बोलले!" बाई रिक्षातून अर्ध्या बाहेर येऊन ओरडल्या.

वसंतराव व्यापाऱ्याकडे वळले. "सुना? अब बोलो, कितने डिब्बे?"